टेबलासकट आकाशात

मान वर करा. अजून जरा. हं, आता मी बरोबर तुमच्या डोक्यावर आहे. दिसत नाही म्हणता? दिसणारच नाही. मी उपग्रह बोलतोय, पण आकाराने इतका बेताचा, की ज्यांनी मला घडवलं त्यांनाही मी वर आल्यापासून कधी दिसलेलो नाही. क्षितिजावर उगवल्यापासून पलीकडे मावळेपर्यंत, कपातला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ माझ्याकडे असतो. आणि आज तर सगळंच सांगून टाकायचं आहे. तेव्हा मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

उपग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बसएवढं धूड उभं राहतं. मी शिलाई मशीनच्या पेटीएवढा आहे. एकदा माझ्या माणसांच्या घरची मंडळी मला बघायला आली होती. त्यातले एक आजोबा काचेपलीकडून बराच वेळ माझ्या मागे बघत राहिले. मागे भिंत होती. त्यांना वाटलं, ही मधली पेटी कोणीतरी हलवेल आणि मग उपग्रह दिसेल. शेवटी सुनेने त्यांच्या कानात सांगितलं, की बाबा, पेटी म्हणजेच तो. "बरं, बरं, छान आहे," म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांच्या घरावरून जाताना मी अजूनही जरा छाती काढून जातो.

माझं काम क्ष-किरणांचं. हे ऐकून आत्याच्या भावाने विचारलं होतं, की मग माझा गुडघा दाखवू का त्याला. आत्या कोण ते सांगतोच, पण आधी गुडघ्याचं बोलू. दवाखान्यातलं यंत्र क्ष-किरण सोडतं आणि हाडं बघतं. मी काही सोडत-बिडत नाही. मी नुसता टक लावून बसतो आणि आकाशातून येणारे किरण मोजतो. वर काही तारे इतके अधाशी आहेत की शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतात. तो वायू त्यांच्यावर कोसळताना असा काही तापतो, की त्यातून साधा उजेड कमी आणि क्ष-किरणच जास्त निघतात. ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण तुमची हवा ते वरच्या वर गिळते. तुमच्या तब्येतीला ते बरंच आहे. पण ज्यांना ते बघायचेच असतात त्यांना हवेच्या वर कोणाला तरी धाडावं लागतं.

आता आत्या. माझा डोळा जिने केला ती आत्या. ती सगळ्या कार्यालयाची आत्या होती, कारण तिचा सख्खा भाचा तिथेच कामाला लागला आणि पहिल्याच दिवशी भर बैठकीत तिला "आत्या" अशी हाक मारून बसला. त्यानंतर शिपायापासून साहेबांपर्यंत कोणीही तिला मॅडम म्हटलं नाही. लहानपणी हा भाचा एका जागी बसायचा नाही, म्हणून तिनेच त्याचं नाव भोवरा ठेवलेलं. मोठेपणी त्याच्या वाट्याला काम काय यावं, तर मला आकाशात एका जागी स्थिर धरून ठेवायचं. नशिबाची थट्टा करायची रीत बघा.

कागदोपत्री मी पुष्कळ कामांसाठी आहे, पण आतली गोष्ट सांगतो, आत्याने मला एका ताऱ्यासाठी केलं. ती शिकत होती तेव्हा एक मेल्यासारखा पडून असलेला तारा अचानक क्ष-किरणांत पेटला आणि थोड्या आठवड्यांत पुन्हा निवला. कोणाची दुर्बीण मोकळी नव्हती, त्यामुळे पेटण्याची नुसती शेपटी हाती लागली. त्या शेपटीत आत्याला ठोके दिसले. तारा ठरावीक चालीने लुकलुकतोय, म्हणजे तो गरगर फिरत असणार, असं ती म्हणाली. तिचे गुरुजी म्हणाले, क्ष-किरणांचे मोजलेले कण फार थोडे आहेत, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. ते वाक्य तिने मनाशी गाठ मारून ठेवलं. असे तारे पुन्हा पेटतात, पण कधी ते त्यांनाही ठाऊक नसतं. आणि मोठ्या दुर्बिणींचा तेव्हा उपयोग होत नाही. एक तर त्यांच्यापुढे ही लांब रांग, आणि इतक्या झगझगीत ताऱ्याने त्यांचे नाजूक डोळे दिपतात. माझ्यासारखा जाड नजरेचा आणि रिकामटेकडा कोणीतरी हवा.

माझा डोळा म्हणजे नखाएवढी सिलिकनची चकती. तिच्यावर क्ष-किरणाचा एकेक कण येऊन आपटला की जराशी वीज सुटते, आणि कण जेवढा जोराचा तेवढी वीज जास्त. कोण कधी आला आणि किती जोरात आला, एवढं मी टिपून ठेवतो. चित्र काढणं मला येत नाही. चकतीपुढे बारीक नळ्यांचा जुडगा आहे. सरळ समोरून येईल तोच आत, वाकडा येईल तो नळीच्या भिंतीत खलास. नळ्यांवर पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा. साधा उजेड अडवायचा आणि क्ष-किरण आत घ्यायचे, हे त्याचं काम. सगळ्यांत पुढे झाकण, आणि झाकणाला आतून किरणोत्सारी लोखंडाचा एक ठिपका. त्याचा जोर किती ते आधीच माहीत असतं. वाणी जसा मधूनमधून वजन ठेवून काटा तपासतो, तसा मी झाकण लावून तो ठिपका मोजतो आणि आपलं डोकं ठिकाणावर आहे ना, ते बघतो. पाठीला एक पाटी आहे, ती सावलीत धरून चकती थंड ठेवायची. तापली की ती नसलेले कण मोजायला लागते. तापल्यावर माणसंही तेच करतात, हे मी त्या कार्यालयात डोळ्यांनी पाहिलं.

हा झाला आत्याचा भाग. भोवऱ्याचा भाग माझ्या पोटात. तिथे छोटी चाकं आहेत. चाक एका बाजूला फिरवलं की मी दुसऱ्या बाजूला वळतो. चाकं फार भन्नाट फिरायला लागली की त्यांचा वेग उतरवावा लागतो. त्यासाठी विजेच्या चुंबकाचे दांडे आहेत, ते पृथ्वीच्या चुंबकाला रेटा देतात. रेटा कुठल्या बाजूला द्यायचा हे सांगायला होकायंत्र. शिवाय एक कॅमेरा, तो तारे ओळखून मी नेमका कुठे बघतोय ते सांगतो. हा कॅमेरा म्हणजे मोठा नाजूक गडी. सूर्याचा किंवा पृथ्वीचा उजेड डोळ्यांत गेला की लगेच हात वर करतो. म्हणून आधी होकायंत्रावरून आणि उन्हावरून ढोबळ अंदाज घ्यायचा, कॅमेऱ्याचं तोंड अंधाराकडे करायचं, आणि मग त्याला अदबीने विचारायचं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथलाच आहे.

माझ्याआधी माझी एक बहीण झाली. अंगाखांद्याने हुबेहूब माझ्यासारखी, फक्त ती उडणार नव्हती. काहीही करायचं तर आधी तिच्यावर करून बघायचे. हलवायचं, तापवायचं, गोठवायचं, सगळं आधी तिला. ती ताई आणि मी धाकटा. ताईने कधी तक्रार केली नाही, पण टोमणे फार मारले. मी वर आल्यावरही तोच शिरस्ता राहिला. मला पाठवायची प्रत्येक आज्ञा आधी ताईवर चालवायची, स्क्रीनवर हिरवा रंग आला तरच मला धाडायची. ताई त्या आज्ञेच्या पोटात खालच्या चहाड्या भरून देते. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा डबा कोणी खाल्ला, साहेब आज किती वेळा "बघू या" म्हणाले. खालची माणसं म्हणतात, संदेशात जरा खरखर येते. खरखर कसली, ती आमची ताई बोलत असते.

आमचं बालपण क्लीन रूममध्ये, म्हणजे धुळीला बंदी असलेल्या खोलीत गेलं. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेले असतात, आणि हातमोजे घातले रे घातले की प्रत्येकाच्या नाकाला खाज सुटते. मग ते नाक दंडावर घासतात, भिंतीवर घासतात. साहेब एकदा दाराच्या चौकटीवर घासताना सापडले होते. बाहेर हेच लोक किती गंभीर चेहऱ्याने फिरतात.

पहिलं टेबल लाकडी होतं. त्याच्या कडेचा भुग्याचा एक कण उडाला, आत्याच्या पडद्यावर जाऊन बसला, तो काढायला गेले आणि पडदा टर्रकन फाटला. दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, की ह्या खोलीत पोलादी टेबल येईल, पुसलं की लख्ख होणारं, भुगा नाही, धूळ नाही. ते आलं तेव्हा त्याने येता येता दाराचा एक कोपरा उडवला, इतकं जड. त्यावर चार कोपऱ्यांना पट्ट्या चिकटवून खूण केली, आणि त्या खुणेवर आम्ही भावंडं पाळीपाळीने बसायला लागलो.

भोवऱ्याला ते टेबल डोळ्यांसमोर नको झालं. एवढं पोलाद शेजारी असल्यावर होकायंत्र काय कपाळ दिशा दाखवणार? ते आपलं टेबलाकडे ओढ घ्यायचं. तो तणतणत आत्याकडे गेला.

"आत्या, तुझ्या टेबलापायी माझं होकायंत्र वेडं झालंय."

"मग त्याला सांग, हे टेबल आहे म्हणून," आत्या म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

आणि ह्याने सांगितलं. टेबल होकायंत्राला किती ओढतं ते मोजलं आणि तेवढं वजा करायची एक ओळ आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. होकायंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. मी वर जाताना ओळ काढू, असं दोघांचं ठरलं. काढू म्हणजे नेमकं कोणी, हे ठरायचं राहिलं. भोवऱ्याला वाटलं, आत्या आठवण करेल. आत्याला वाटलं, ज्याची ओळ तो काढेल.

पुढे मला ठिकठिकाणी नेलं. एका ठिकाणी गदागदा हलवलं, एका ठिकाणी हवा काढून घेतलेल्या पिंपात कोंडलं. पण कुठे जाण्याआधी आणि कुठून आल्यावर तपासणी व्हायची ती त्याच टेबलावर, त्याच खुणेवर. टेबलावर मी नेहमीच बरोबर असायचो. हिरवा, हिरवा, हिरवा. त्या हिरव्या रंगाची सगळ्यांना इतकी सवय झाली, की टेबलाची गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी उरली नाही. शेवटच्या तपासणीलाही हिरवा आला. आत्याने स्वतःच्या हाताने माझी पेटी बंद केली आणि सांगितलं, आता ह्याला कोणी बोट लावायचं नाही. भोवऱ्याने मान डोलावली. मला कोणी विचारलंच नाही, नाहीतर मी बोललो असतो.

रॉकेटमध्ये आमची अवस्था विचारू नका. मधल्या मोठ्या जागेत एक बडं धेंड ऐसपैस बसलं होतं आणि आम्ही बारके कडेला डब्यांत, सामानासारखे. वर पोचल्यावर त्याला मानाने उतरवलं. आमच्या डब्याचं झाकण उघडलं, स्प्रिंगने मागून ढुंगणावर एक दणका दिला, आणि झालो आम्ही अंतराळवीर.

पहिल्या फेरीत मी खाली हाक मारली आणि ती पोचली. ताई सांगते, साहेबांनी त्या दिवशी "बघू या" म्हटलं नाही. भोवऱ्याने आत्याला उचललं, आणि आत्या ओरडली की खाली ठेव मेल्या, कंबर जाईल.

हा आनंद दुसऱ्या दिवशीच आटोपला, कारण मी सरळ उभा राहीना. आता माझं ऐका. माझ्या समजुतीप्रमाणे माझ्या पायाखाली पोलादी टेबल होतं. मला तसं सांगितलं होतं आणि मी सांगितलेलं ऐकतो. मी इमानेइतबारे टेबलाची ओढ वजा करत होतो. वर टेबल कुठलं आलंय? त्यामुळे माझं उत्तर भलतीकडे गेलं. कॅमेऱ्याचं तोंड अंधाराकडे करतोय असं समजून मी ते थेट पृथ्वीच्या उजेडाकडे करायचो, आणि तो हात वर करायचा. चाकांचा वेग उतरवायला दांडे लावले की वेग उतरायच्याऐवजी चढायचा. शेवटी बॅटरी वाचवायला मी सौरपट्ट्या उन्हाला लावून निपचित पडायचो. ते मला उठवायचे, मी पुन्हा झोकांड्या खायचो. अख्ख्या अंतराळात टेबल घेऊन फिरणारा मी एकटाच असेन, आणि मला त्याचा अभिमानही होता.

आणि अशातच आत्याचा तारा पेटला.

बातमी सकाळी आली. आत्या चहाचा कप हातात धरून उभी राहिली आणि चहा प्यायचं विसरली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट समोर होती, आणि तिच्याचसाठी केलेला डोळा आकाशात झुलत होता. तारा थोड्या आठवड्यांत निवणार. पुढच्या खेपेला पेटेल तेव्हा बघायला आत्या असेलच, असं तिचं वय सांगत नव्हतं. ती हे कोणाला बोलली नाही. पण ताईला कळलं, आणि ताईकडून मला.

मग आत्या आणि भोवऱ्यात बिनसलं. आमच्या कार्यालयात भांडण झालंय हे आवाजावरून कळत नाही, मान देण्यावरून कळतं. भोवरा आत्याला "मॅडम" म्हणायला लागला आणि आत्या त्याला "अहो, तुम्ही". घरी रविवारी एका ताटलीतून खाणारी ही माणसं साहेबांमार्फत निरोप धाडायला लागली. आत्याचा भाऊ मध्ये पडायला गेला तर दोघांनीही त्याला त्याच्या गुडघ्याची चौकशी करून वाटेला लावलं.

भोवरा रोज काहीतरी नवी युक्ती काढायचा. ती ताईवर चालवायचा. ताई टेबलावरच बसलेली, माझ्याच खुणेवर, त्यामुळे झकास हिरवा. मग ती मला यायची आणि मी आणखी नव्या ढंगाने डुलायचो. एकदा असाच डुलताना तो तारा क्षणभर माझ्या नळ्यांसमोरून गेला. कणांचा असा भडिमार झाला की मलाच गुदगुल्या झाल्या. आत्याने आलेख बघितला. सपाट रेघेवर एकच उंच सुळका. डोळा शाबूत होता, तारा तिथे होता, आणि मी त्याला ओझरता डोळा मारून पुढे गेलो होतो.

"माझा डोळा ठीक आहे," ती भरल्या खोलीत म्हणाली. "मान कोणी वाकडी बसवली, ते त्यांनी बघावं."

त्या दिवशी भोवरा जेवला नाही, असं ताई म्हणते, आणि ताई अशा बाबतीत खोटं बोलत नाही.

तारा रोज थोडा थोडा उतरत होता. साहेब बघू या, बघू या म्हणत दारात येऊन जात होते. एक दिवस दुपारी आत्याला टेबल हवं झालं. तिच्याकडे दुसरा एक डोळा राखून ठेवलेला होता, तो तिला तपासायचा होता. खरं तर हाताला काहीतरी काम हवं होतं. तिने सांगितलं, टेबल रिकामं करा. भोवरा म्हणाला, मॅडम, ताई चालू आहे, हात लावू नका. झालं. टेबल मी आणलंय, आत्या म्हणाली, आणि तारांसकट ताईला उचलून तिने शेजारच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर आदळलं. आदळलं हा ताईचा शब्द. मला वाटतं, ठेवलं असेल.

स्क्रीन लाल झाली.

"बघा," आत्या म्हणाली, "तुमची ताईसुद्धा रुसली."

भोवरा चिडून उठला आणि स्क्रीनजवळ जाऊन तसाच उभा राहिला. ताई स्टुलावर अगदी सरळ बसली होती. स्क्रीन म्हणत होती, ती कलंडली आहे. कलंडली होती ती माझ्याच बाजूला, आणि जवळपास माझ्याएवढीच. त्याने ताईला उचललं आणि टेबलावर खुणेवर ठेवलं. हिरवा. स्टुलावर ठेवलं. लाल. पुन्हा टेबल, पुन्हा स्टूल. ताईला घेरी यायची वेळ आली. मग तिला तशीच पोटाशी धरून तो जमिनीवर बसला.

"आत्या," तो म्हणाला. मॅडम नाही. "आत्या, टेबल वर गेलंय."

तिने टेबलाकडे बघितलं, मग छताकडे, मग त्याच्याकडे.

"मीच म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्याला सांग, हे टेबल आहे."

"आणि मी सांगितलं."

आधी कोण हसलं हे ताईलाही सांगता येत नाही. पण आत्या हसता हसता रडायला लागली आणि भोवऱ्याने तिला पुसायला क्लीन रूममधलं पडदे पुसायचं फडकं दिलं, ते भयंकर महाग असतं.

आता ओळ काढायची आणि मला पाठवायची, एवढंच उरलं, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही साहेबांना ओळखत नाही. नियम म्हणजे नियम, आधी ताईवर हिरवा दिसला पाहिजे, आणि ताईची जागा टेबलावर. ओळ काढून ताई टेबलावर ठेवली की लाल येणार, कारण तिथे टेबल खरंच आहे. साहेबांना हे भोवऱ्याने समजावलं, आत्याने समजावलं, मग दोघांनी मिळून समजावलं. साहेब म्हणाले, बघू या. तेव्हा आत्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तारा विझत चाललाय, साहेब, एवढंच म्हणाली. साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि क्लीन रूमची टोपी काढून ठेवली. ताईला बाहेर काढा, म्हणाले, जिथे लोखंड नसेल तिथे.

अशी ताईची वरात मागच्या अंगणात निघाली. गवतावर प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर ताई, खिडकीतून ओढलेली लांब वायर. लोखंड जवळ नको म्हणून सगळ्यांनी किल्ल्या काढल्या, घड्याळं काढली. आत्याने केसांतल्या पिना काढल्या. साहेबांच्या पट्ट्याचं बक्कल पोलादी निघालं, तेव्हा तोही काढावा लागला, आणि ते सबंध तपासणीभर एका हाताने पँट धरून उभे होते. ताईने जन्मात पहिल्यांदा खरं ऊन बघितलं. तिथे हिरवा आला. साहेबांनी मोकळ्या हाताने सही केली.

पुढच्या फेरीला ती आज्ञा माझ्यापर्यंत पोचली. एक ओळ पुसायची नाही, नुसती झाकायची, बस्स. पायाखालचं टेबल निघालं आणि खरं सांगतो, आता पडलोच असं वाटलं. मग हळूहळू उमगलं, की खाली काही नाही आणि पडतही नाही. मी मान फिरवली. कॅमेऱ्याने अंधारात बघितलं, खाकरला, आणि एकेक तारा नावानिशी सांगायला लागला. चाकं शांत झाली. मी वळलो आणि आत्याच्या ताऱ्यावर नजर लावली.

तो उतरणीला लागला होता, पण पुरेसा होता. कण येत होते. जरा जास्त, जरा कमी, जरा जास्त, जरा कमी. मी मोजत गेलो आणि वरून जाताना सगळं खाली ओतलं. भोवऱ्याने आलेख काढायच्या आधी एक उद्योग केला. त्याने ते आकडे छोट्या स्पीकरवर वाजवले. खोलीत ठोके ऐकू यायला लागले, एकसारखे, न चुकता. आत्या टेबलावर हात टेकून ऐकत होती.

"मनाचे खेळ नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते, आत्या," भोवरा म्हणाला.

मग तारा निवला आणि मी दुसऱ्या कामांना लागलो. त्यानंतर पुष्कळ बघितलं. अधाशी तारे, फुटलेले तारे, आणि एकदा चुकून चंद्र, त्याबद्दल मला बोलणी बसली. एका महासागरावरून जाताना विजेचे कण फार अंगावर येतात, तिथे मी दर फेरीला डोळा मिटून घ्यायचो आणि त्या निमित्ताने एक डुलकी काढायचो. भोवऱ्याला ती डुलकी माहीत होती. त्याने कोणाला सांगितलं नाही.

आता मात्र थकलो. पडद्याला बारीक भोकं पडली आहेत, एक चाक कुरकुरतं, बॅटरी सावलीत शिरलो की लगेच मान टाकते. मी हळूहळू खाली येतोय. हवेचा पहिला पातळ हात पाठीला लागतो आहे. खाली सगळ्यांना ठाऊक आहे की थोड्याच फेऱ्या उरल्या आहेत, आणि त्यानंतर मी जळून जाईन. माझं काही तुमच्या अंगणात पडणार नाही, काळजी करू नका, मी तेवढा मोठा कधी नव्हतोच.

आत्या निवृत्त झाली, तरी आज आली होती. ताईने कळवलं. भोवऱ्याने तिला विचारलं, ह्याला आता शेवटचं काय पाठवू? बघायला काही उरलेलं नव्हतं, डोळा तर मागच्याच आठवड्यात मिटला. सगळ्यांना वाटलं, ती निरोपाचे चार शब्द सांगेल.

आत्या म्हणाली, "त्याचं टेबल त्याला परत दे."

भोवऱ्याने झाकलेली ओळ उघडली. ताई तिच्या खुणेवर बसली होतीच, लगेच हिरवा आला. साहेबही आले होते, त्यांनी "बघू या" न म्हणता मान हलवली. ती आज्ञा आत्ता, तुमच्याशी बोलता बोलता, माझ्यापर्यंत पोचली. तिच्या पोटात ताईचं एवढंच सांगणं आहे, आज चहाड्या नाहीत. पुढे नुसती खरखर आहे, बराच वेळ.

माझा चहा निवत आला, मी पलीकडच्या क्षितिजाला टेकतोय. एकच विनंती आहे. उद्या-परवा आकाशात एक बारीकशी रेघ ओढलेली दिसली आणि कोणी म्हणालं, की तो बघा, कलंडला, तर त्याचं ऐकू नका. मी सरळ उभा आहे. माझ्या पायाखाली टेबल आहे.